नवस आईचा, हाक कोणाला?

वसईजवळच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी २६ वर्षांची, मुंबईतल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. दीड वर्षाची असताना तिला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा आईनं नवस बोलला: पोर वाचली तर देवाच्या सेवेला देईन. पोर वाचली, आणि दर वाढदिवसाला घरात ही गोष्ट सांगितली जाते. गेल्या वर्षी रात्रपाळीत, जवळ कोणीच नसलेल्या एका आजींचा हात धरून बसलेली असताना तिला आतून वाटलं, ‘देवासाठी आयुष्यभर हेच करायचं.’ पुढे एका रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-शिबिरात, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातल्या दासाची गोष्ट कानावर पडली. सुटकेची वेळ आली तरी तो म्हणतो, ‘माझं धन्यावर प्रेम आहे, मी जात नाही.’ मग त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून त्याचा कान टोचतात आणि तो कायमचा त्या घरचा होतो. ही गोष्ट तिच्या मनातून जात नाही.

धर्मभगिनींच्या एका संस्थेच्या सिस्टर म्हणतात, येत्या जूनमध्ये आमच्यात दाखल व्हायला ये. आई आनंदात आहे. वडील एसटीतून निवृत्त; ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, विषय निघाला की उठून वाडीत जातात. घरावर ११ लाखांचं कर्ज बाकी आहे. त्यात ती सहकर्जदार आहे आणि १४,२०० रुपयांचा हप्ता तिच्याच ३४,००० च्या पगारातून जातो. अजून साडेनऊ वर्षं फेडायची आहेत. भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मध्येच एक स्थळ आलं, मुलगा आवडला, आणि आवडला म्हणून तिला अपराधी वाटलं. ती विचारते: ‘मी नाही म्हटलं तर आईचा नवस मोडेल का? हो म्हटलं तर ते माझं हो असेल का? आणि हा जून गेला तर हाक पुन्हा येईल का?’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात देवाची ओढ खरी दिसते. पण त्या ओढीभोवती तीन-चार गोष्टी अशा घट्ट गुंडाळल्या गेल्यात की ओढ कोणती आणि ओझं कोणतं हे तुम्हालाच कळेनासं झालंय. त्या एकेक करून सोडवू. सुरुवात नवसापासून, कारण बाकीच्या सगळ्या गाठी त्याच्यावर बसल्या आहेत.

नवस आईनं बोलला, तुम्ही नाही. चर्चच्या १९८३च्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, नवसाबद्दल ११९१ ते ११९८ अशी कलमं आहेत आणि त्यातलं ११९३वं कलम एका ओळीत सांगतं की नवस हा जो बोलतो त्यालाच बांधतो. दीड वर्षाच्या बाळाच्या वतीनं आईनं दिलेला शब्द त्या बाळाला २६व्या वर्षी बांधू शकत नाही. तेव्हा तुम्ही नाही म्हटलंत तर तुमच्याकडून काहीही मोडणार नाही. मोडण्यासारखं तुम्ही काही दिलेलंच नाही.

मग आईच्या शब्दाचं काय? त्याचीही वाट चर्चनं ठेवली आहे, आणि ती आपल्या लोकांना क्वचितच कोणी सांगतं. खासगी नवसातून योग्य कारणासाठी मोकळं करण्याचा अधिकार स्वतःच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) माणसांपुरता पॅरिश प्रीस्टला, म्हणजे तिथल्या मुख्य फादरांना, असतो. त्यासाठी बिशप हाउसपर्यंत जावं लागत नाही. शिवाय ज्यानं नवस बोलला तो स्वतःच त्याच्या बदल्यात तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या चांगल्या कामाचा शब्द देऊ शकतो. आईंनी एकदा फादरांची वेळ घेऊन जावं, काय बोलले होते ते नेमक्या शब्दांत सांगावं, आणि विचारावं की आता याचं मी काय करू. फादर मोकळं करतील, किंवा आईंच्या हातून होण्यासारखं काहीतरी सुचवतील: आठवड्यातून एकदा वृद्धाश्रमात जाणं, अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्यांना परमप्रसाद मिळेल अशी व्यवस्था बघणं. अर्ध्या तासाचं काम आहे. पण २४ वर्षं उराशी धरलेला धाक त्यातून उतरेल, आईचाही आणि तुमचाही. तुमचा निर्णय काहीही होवो, हे आधी होऊ द्या. उद्या तुम्ही आत गेलात तरी आईचा नवस फेडायला गेलात असं राहता कामा नये.

आई बायबलमधल्या हन्नाचं, शमुवेलच्या आईचं, उदाहरण देत असतील. तिनंही मूल होण्याआधीच ते देवाला देऊन टाकलं होतं आणि शमुवेल अंगावरचं दूध सुटल्याबरोबर मंदिरात गेला. पण पुढे काय लिहिलंय ते आईंबरोबर बसून वाचा. शमुवेल मंदिरातच राहतो, तिथेच झोपतो, सेवाही करतो, तरी देवाची ओळख त्याला अजून झालेली नाही असं तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. मग एका रात्री देव त्यालाच त्याच्या नावानं हाक मारतो. तीन वेळा पोरगं चुकून म्हाताऱ्या एलीकडे धावतं. चौथ्या वेळी एलीनं शिकवल्याप्रमाणे जागेवरून उत्तर देतं. आईनं त्याला मंदिराच्या दारापर्यंत पोचवलं, पण हाकेला ओ त्याची त्यालाच द्यावी लागली. आणि पहिल्या हाकेला त्यानं चुकीच्या माणसाकडे धाव घेतली म्हणून देव हाक मारायचा थांबला नाही. ‘हा जून गेला तर’ या तुमच्या भीतीचं उत्तर मला तिथे दिसतं.

आता तो कान टोचून घेणारा दास. ही गोष्ट रिट्रीटमध्ये सांगताना शेवटच्या प्रसंगावर जोर दिला जातो: चौकट, आरी, रक्ताचा थेंब, कायमचं दास्य. पण त्या उताऱ्याची सुरुवात नियमानं होते. सहा वर्षं काम, सातव्या वर्षी काहीही न देता सुटका. म्हणजे दार आधी सताड उघडतं आणि माणूस त्या उघड्या दारात उभा राहून ‘मी राहतो’ म्हणतो. दार बंद असतं तर त्याच्या शब्दाला किंमत उरली नसती. (आणखी एक सांगायला हवं. त्या दासाची बायको-मुलं मालकाकडेच राहणार होती, त्यामुळे त्याची निवड वाटते तितकी मोकळी नव्हती. तुमच्यावर कर्ज आणि नवस आहे, तेव्हा ही बारीक ओळ तुम्ही तरी वगळू नका.)

चर्चनं व्रतस्थ जीवनाची वाटही अशीच उघड्या दारांची ठेवली आहे. तुम्ही लिहिलंय तसं ‘जूनमध्ये आयुष्य ठरणार’ असं मुळीच नाही. जूनमध्ये फार तर उमेदवारी सुरू होईल. उमेदवारी आणि पोस्च्युलन्सी (नोव्हिशिएटआधीची तयारी) किती, हे प्रत्येक संस्था आपल्या नियमावलीत ठरवते. काही महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंत ती चालते. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा प्रशिक्षणाचा काळ. ते किमान १२ महिन्यांचं, आणि शंका उरली तर सहा महिन्यांची वाढ सोडता दोन वर्षांच्या वर नाही. त्या काळात सगळी मिळून तीन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर नोव्हिशिएट धरलंच जात नाही, आणि १५ दिवसांपेक्षा जास्त झाली तर ते दिवस भरून काढावे लागतात. नोव्हिस कधीही, कुणाचीही परवानगी न मागता घरी जाऊ शकते. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं ठरावीक मुदतीसाठी: कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा, आणि अगदी ताणलं तर एकूण नऊ वर्षं. मुदत संपली की निघून जायला मोकळीक. आजीवन व्रत त्याच्याही पुढे. हिशोब मांडलात तर या जूनमध्ये गेलात तरी आजीवन व्रताच्या वेळी तुम्ही ३०-३१ च्या आत नसाल, बहुधा ३४-३५ च्या असाल. मदर तेरेसा १९२८ साली लोरेटोमध्ये गेल्या आणि त्यांचं आजीवन व्रत १९३७ साली झालं. मध्ये नऊ वर्षं.

इतकी दारं ठेवूनही बिनसतं कुठे? बहुतेक वेळा गावात. मुलगी उमेदवारीला निघते, तेव्हाच मांडव पडतो, फलक लागतो, पन्नास घरं जेवून जातात. दोन वर्षांनी तिला आतून कळतं की ही आपली वाट नाही, पण त्या मांडवाकडे परत यायची हिंमत होत नाही. ती राहते आणि कोमेजत जाते, किंवा येते आणि घरात तोंड लपवून बसते. तुम्ही जाल तेव्हा, जालच तर, निरोपाचं जेवण घरच्या चार माणसांत करा. बॅग भरा, मिस्साला जा, निघा. सोहळा पहिल्या व्रताच्या दिवशी होऊ दे. नातेवाईक नाराज झाले तर होऊ देत.

आता कर्जाबद्दल. ‘देव बघेल’ असं तुम्ही लिहिलंय. ती श्रद्धा मी कमी लेखत नाही, पण इथे नियम आड येतो. जी कर्जं फेडण्याची ऐपत नाही अशा कर्जाखालच्या माणसाला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असं ६४४वं कलम वरिष्ठांना बजावतं. आणि ऐपत पुढे येणारही नाही, कारण नोव्हिशिएटमध्ये नोकरी नसते आणि पहिल्या व्रतानंतर तुम्ही नर्स म्हणून जे कमवाल ते संस्थेचं होतं. पेन्शन-विम्याचे पैसेसुद्धा, संस्थेच्या नियमावलीत वेगळं नसेल तर. त्यातून घरचा हप्ता भरता येत नाही. ज्या सिस्टरांनी जून सांगितला त्यांना या कर्जाची कल्पना आहे का? पत्रात तसं दिसत नाही. पहिल्या भेटीतच आकड्यांसह सांगा. लपवून आत जाणं ही दारिद्र्यव्रताची चांगली सुरुवात नव्हे.

बँकेकडून सहकर्जदाराचं नाव नुसत्या अर्जावर निघत नाही. बँक उरलेल्या कर्जदारांचं उत्पन्न नव्यानं तपासते, आणि निवृत्त वडिलांच्या पेन्शनवर हे कर्ज बसणार नाही. मग खरा मार्ग भावाचा. तो दीड-दोन वर्षांत कमवायला लागेल. तोवर तुम्ही दरमहा ५,००० जास्तीचे मुद्दलात भरू शकलात, तर दोन वर्षांनी बाकी नुसत्या हप्त्यानं राहील त्या सुमारे ९.३५ लाखांच्या जागी साधारण ८ लाखांवर येईल. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला घेता येत नाही, तेव्हा हे निर्धास्त करा. फक्त प्रत्येक वेळी ‘रक्कम मुद्दलात वळती करा’ असं लेखी द्या. मग भावाचं नाव घालून, मुदत १५ वर्षांवर नेऊन, हप्ता आजच्या व्याजदरानं ८,००० च्या आसपास बसतो. नवीन नोकरीच्या मुलाला तो झेपण्यासारखा आहे. पण हे भावाला आजच विचारा. त्याला गृहीत धरणं म्हणजे आईनं तुम्हाला गृहीत धरलं तेच पुन्हा करणं. तो नको म्हणाला तर घर भाड्यानं देणं, विकून लहान घर घेणं, असे कडू पर्यायही टेबलावर ठेवावे लागतील.

‘आईवडिलांची काळजी करणं म्हणजे देवावर अविश्वास का?’ असं तुम्ही विचारलंय. उलट. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ज्यांच्यावर संतापतो ते कोण आहेत? आईबापांच्या वाट्याचं देवाला अर्पण केलं, ‘कुर्बान’ केलं, असं सांगून त्यांच्याकडे पाठ फिरवणारे. आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसनं या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलंय: आईवडिलांचं आपल्यावाचून खरंच चालणार नसेल, तर त्यांना सोडून मठात जाणं योग्य नाही. चालणार असेल तर त्यांच्या इच्छेविरुद्धही जाता येतं. दोन्ही वाक्यं लक्षात ठेवा. पहिलं जूनला उत्तर आहे, दुसरं कायमच्या ‘जाऊ नको’ला.

मग ही दोन-अडीच वर्षं नुसती थांबण्याची का? मी तरी त्यांना परखण्याची वर्षं म्हणेन. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून पडलेला, पुढे येशूसंघाचा संस्थापक झालेला इग्नेशियस लोयोला अंथरुणावर दोन प्रकारची स्वप्नं बघत असे: दरबारातली मर्दुमकी, आणि संतांसारखं जगणं. दोन्ही बघताना सारखीच गोड लागायची. फरक नंतर कळायचा. पहिलं ओसरलं की मन कोरडं पडायचं, दुसरं ओसरलं तरी उल्हास मागे उरायचा. हाक ओळखण्याचं याच्याइतकं उपयोगी साधन मला माहीत नाही, आणि नर्सला तर ते सहज जमेल, कारण पेशंटचा चार्ट लिहायची सवय आहे. एक वही करा. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं, त्यात तीनच नोंदी: आज व्रतस्थ जीवनाचा विचार कधी आला, येताना कसं वाटलं, तासाभरानं काय उरलं. रात्रपाळीच्या दिवसांवर वेगळी खूण करा. सहा महिने लिहा आणि महिन्यातून एकदा मागची पानं वाचा. त्या खुणा महत्त्वाच्या आहेत, कारण सलग चार रात्रपाळ्या झाल्यावर वॉर्डपासून लांब, शांत, घंटेवर चालणारं घर कोणालाही स्वर्ग वाटतं. त्या ओढीला थकवा म्हणतात. इग्नेशियसचा आणखी एक नियम इथेच लागू होतो: मन खचलेलं असताना आधी ठरवलेलं काही बदलू नये. रात्रपाळी संपल्या संपल्या हो किंवा नाही, काहीच कळवू नका.

त्या रात्रीकडेही पुन्हा एकदा नीट बघा. तुम्ही लिहिलंय की आजींचे ओठ हलत होते, म्हणून तुम्ही मॉनिटरचा आवाज कमी केला, कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि त्या ‘नमो मारिया’ म्हणताहेत हे कळल्यावर पुढचं तुम्ही म्हटलंत. शेवटची ओळ त्यांना जमली नाही, ती तुम्ही एकट्यानं पुरी केलीत. त्या क्षणी तुम्ही कोण होता? नर्स होता. गणवेषातली, ड्युटीवरची, पगारी नर्स. ‘आयुष्यभर हेच करायचं’ यातलं ‘हे’ म्हणजे मरणाऱ्याचा हात धरणं, की मठातलं जीवन? दोन्ही असू शकेल. पण ज्या संस्थेत तुम्ही जाऊ पाहता तिची मुख्य सेवा शाळांची आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिथे आज्ञापालनाच्या व्रताखाली तुम्हाला वसतिगृहाचा हिशेब सांभाळायला पाठवलं तर? ते आनंदानं कराल तर हाक व्रतस्थ जीवनाची आहे. ते ऐकूनच पोटात गोळा येत असेल तर आजारी माणसांची सेवा करणाऱ्या संस्था आहेत, त्या बघा. ओळखीच्या सिस्टर ज्या संस्थेच्या, तीच आपली संस्था, असं आपल्याकडे फार होतं.

आजीवन सेवेचा मठ हा एकच साचा, हे गृहीतकही जरा बाजूला ठेवा. तुमच्या वसईचाच संत गोन्सालो गार्सिया बघा. कोवळ्या वयात येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, त्यांच्यासाठी धर्मशिक्षकाचं काम केलं, संघात घ्या म्हणून मागणं घातलं, पण प्रवेश मिळाला नाही. मग तो व्यापारात पडला आणि चांगला रुळला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून गेला, पुन्हा जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ साथीदारांसह क्रुसावर गेला. १८६२ मध्ये तो संत घोषित झाला. हाक पहिल्या दारावर अडली होती, दुकानदारीत वर्षं गेली होती, तरी ती विझली नाही. दुसरीकडे पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये धर्मभगिनींच्या सहवासात बाप्तिस्मा घेतला, पण त्या स्वतः धर्मभगिनी झाल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९२२ साली मरेपर्यंत टाकलेल्या बायकांसाठी राबल्या. पदरात मुलगी होती, कोणतंही मठाचं व्रत नव्हतं, आणि तरी आयुष्य पूर्ण दिलेलं होतं.

कॅथलिक चर्चमध्ये आणखी दोन वाटा आहेत ज्यांची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. एक, समर्पित कुमारिकांची. हा प्राचीन विधी १९७० मध्ये जगात राहणाऱ्या स्त्रियांसाठी पुन्हा सुरू झाला. बिशपांच्या हस्ते कौमार्य आयुष्यभरासाठी अर्पण होतं, पण बाई राहते आपल्या घरी, करते आपली नोकरी, पोट भरते आपल्या कमाईवर. दुसरी, सेक्युलर इन्स्टिट्यूट: तीनही व्रतांच्या भावनेनं बांधलेले, पण जगात राहून, आपापल्या व्यवसायात काम करणारे लोक. वृद्ध आईवडील आणि नर्सिंग या दोन्हींना धरून देवाचं व्हायचं असेल, तर या वाटा सोयीची तडजोड म्हणून बघू नका. त्या पुरत्या वाटा आहेत. बिशप हाउसमध्ये चौकशी करा.

स्थळाबद्दल थोडक्यात. मुलगा आवडला यात पाप नाही आणि हाक खोटी असल्याचा पुरावाही नाही. ज्याची किंमत कळत नाही ते अर्पण करण्यात काय अर्थ? लग्न हाही संस्कार आहे, दुय्यम बक्षीस नाही. पण त्या मुलाला टांगून ठेवू नका. आठवडाभरात त्याला स्वतः सांगा की मी मोठ्या निर्णयात आहे, निदान वर्षभर लग्नाचं काही ठरवणार नाही, तू माझ्यासाठी थांबू नकोस. मनातल्या मनात त्याला राखून ठेवून मठाचं दार ठोठावणं, किंवा मठ राखून ठेवून त्याला भेटत राहणं, दोन्हीत कुणाचं तरी नुकसान आहे.

संस्था बघायला जाल तेव्हा सणाच्या दिवशी जाऊ नका. रजा काढून आठ दिवस राहा, मधल्या वारी. पहाटेच्या प्रार्थनेला सगळ्या असतात की तुम्ही आलात म्हणून आल्यात, ते दोन दिवसांत कळतं. जेवणाच्या टेबलावर हसू ऐकू येतं का? भांडी कोण घासतं, नव्या मुली की सगळ्या आळीपाळीनं? स्वयंपाकाच्या मावशींना कोणत्या सुरात हाक मारतात? आणि सर्वांत आधी त्यांच्या म्हाताऱ्या, आजारी सिस्टर जिथे राहतात ती खोली बघायला मागा. तुम्ही नर्स आहात, चादर आणि पाठीची कातडी बघून तुम्हाला अर्धं समजेल. पन्नास वर्षांनी त्या पलंगावर तुम्ही असाल. मग वरिष्ठांना बिनदिक्कत विचारा: गेल्या दहा वर्षांत किती आल्या, किती गेल्या, गेलेल्यांशी संबंध कसे आहेत? घरी किती वेळा जाता येतं, वडील आजारी पडले तर? माझी नर्सिंगची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करून चालू ठेवू द्याल का? जी निघून जाते तिला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, पण संस्थेनं तिच्याशी न्यायानं आणि मायेनं वागावं असं ७०२वं कलम सांगतं. तुम्ही प्रत्यक्षात काय करता? या प्रश्नांनी ज्यांच्या कपाळाला आठी पडते तिथे घाई करू नये.

जाण्याआधी कागदांचंही बघा. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, अविवाहित असल्याचा दाखला धर्मग्रामातून मिळतो. पहिल्या व्रताआधी तुमच्या मालमत्तेचा कारभार कोणी बघायचा ते तुम्ही ठरवायचं असतं. मालकी तेवढ्यानं जात नाही. मृत्युपत्र उशिरात उशिरा आजीवन व्रताआधी करायचं असतं, दोन साक्षीदारांसह, देशाच्या कायद्यात टिकेल असं. पीएफ मोडून देणगी देऊन टाकायचा मोह आवरा. परत यावं लागलं तर पहिलं वर्ष त्यावर निघेल.

या सगळ्यात सोबतीला एक मार्गदर्शक हवा. तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेतला नको. दुसऱ्या संघाचे एखादे अनुभवी फादर किंवा सिस्टर, ज्यांना तुमच्या येण्या-न येण्यानं काही फरक पडत नाही. महिन्यातून एक तास, वही बरोबर. आणि देवाचं व्हायला अडीच वर्षं थांबायची गरज नाही. सकाळ-संध्याकाळची चर्चची प्रार्थना आजपासून म्हणा, शिफ्ट सांभाळून आठवड्यात जमतील तेवढ्या मिस्सा करा, खर्चात साधेपणा आणा. ते ५,००० तिथूनच निघतील. हे सहा महिने टिकलं नाही तर घंटेवरही टिकणार नाही. टिकलं तर वहीत दिसेलच.

सिस्टरांना या आठवड्यात दोन ओळी लिहा: ‘बोलावणं मनात आहे. घरचं कर्ज आहे, त्याची सोय लावल्याशिवाय मी येऊ शकत नाही. मे महिन्यात आठ दिवस तुमच्याकडे राहायला येऊ का?’ खऱ्या पाचारणाची किंमत जाणणारी सिस्टर हे पत्र वाचून खूश होईल.

आणि बाबा. पूर्ण पत्रात तुम्ही आईचे शब्द सात वेळा लिहिलेत, बाबांचा एकही नाही, कारण त्यांना कोणी विचारलेलंच दिसत नाही. मेंदूज्वराच्या त्या रात्री तेही तिथे होते. नवस आईनं बोलला, ते काय बोलले होते? संध्याकाळी ते केळींना पाणी लावत असतील तेव्हा वाडीत जा. आईला घेऊन जाऊ नका. पाट बदलायला फावडं तुम्ही धरा, आणि एवढंच विचारा: ‘बाबा, मी आजारी होते त्या रात्री तुम्ही देवाकडे काय मागितलं होतंत?’ मग ते बोलेपर्यंत थांबा, एक वाफा भरून दुसरा भरायला लागला तरी.